सत्तरीनंतर लक्षद्वीप

दिवाळी सरली, सोयाबीनचे पैसे हाती आले की हिवरा आश्रमाच्या आसपासच्या खेड्यांतून माझ्याकडे येणारी मुले आणि सुना एक प्रश्न हमखास विचारतात : "डॉक्टर, आईला प्रवासाला न्यावे का?" कोणाला रामेश्वर गाठायचे असते, कोणाला कन्याकुमारी, कोणाला चारधाम. घरात या प्रश्नाचा निकाल बहुधा वयावर लागतो. पंच्याहत्तरी उलटली, आता कशाला दगदग, असे कोणीतरी म्हणते आणि विषय संपतो. ज्यांच्याविषयी तो निर्णय असतो ती व्यक्ती त्या वेळी बाहेर ओसरीवर बसलेली असते.

वैद्यकाच्या दृष्टीने वय हा फार अपुरा पुरावा आहे. प्रवासात अवघड जागा मोजक्याच असतात. त्या जागी त्या माणसाचे पाय, हृदय, मूत्राशय आणि मन टिकेल का, एवढेच पाहावे लागते. हे पटावे म्हणून मी मुद्दामच एका अवघड ठिकाणाविषयी लिहीत आहे. गेल्या हिवाळ्यात मी आणि माझे पती सासूबाईंना घेऊन लक्षद्वीपच्या तीन बेटांवर जाऊन आलो. सासूबाईंचे वय शहात्तर. रक्तदाब पंधरा वर्षांपासून, मधुमेहासाठी रात्री इन्सुलिन, उजवा गुडघा झिजलेला. समुद्राशी त्यांची ओळख एकदाच झाली होती, कन्याकुमारीच्या विवेकानंद शिलास्मारकाकडे जाणाऱ्या बोटीतून. आमच्या गावातील पुष्कळांची समुद्रयात्रा तेवढीच असते. दूरचित्रवाणीवर तळ दिसणारे निळे पाणी पाहून त्यांनी विचारले, "हे आपल्याच देशात हाये का?" आहे म्हटल्यावर त्या गप्प बसल्या आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा विचारले. तेव्हा मी मनावर घेतले.

आधी ही बेटे कशी आहेत ते सांगते. केरळच्या किनाऱ्यापासून सुमारे २२० ते ४४० किलोमीटर दूर अरबी समुद्रात ती विखुरलेली आहेत. सर्व बेटांचे क्षेत्रफळ मिळून अवघे ३२ चौरस किलोमीटर; २०११ च्या जनगणनेत लोकसंख्या ६४,४७३. कायम वस्ती दहा बेटांवर : कवरत्ती, अगत्ती, अमिनी, अंद्रोत, कल्पेनी, कडमत, किल्तान, चेतलत, बित्रा आणि दक्षिणेला एकटे पडलेले मिनिकॉय. डोंगर नाही, नदी नाही, जमीन समुद्रापेक्षा जेमतेम एक-दोन मीटर उंच. आपण अंगठीत पोवळे घालतो, त्याच जातकुळीतील सूक्ष्म जीवांनी आपल्या चुनखडी सांगाड्यांचे थरावर थर रचून ही भूमी उभी केली आहे.

लोणारचे सरोवर पाहिलेल्या वाचकांना कंकणद्वीप समजायला वेळ लागणार नाही. आमच्याकडून मेहकरमार्गे तासाभरात लोणारला पोहोचता येते. काठावर उभे राहिले की सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचे ते गोल कडे एका दृष्टीत मावते. तेच कडे समुद्रात बुडवून केवळ त्याची किनार पाण्याच्या पातळीशी ठेवली, अशी कल्पना करा. आत उथळ, शांत, पाचूच्या रंगाचे पाणी, बाहेर अथांग समुद्र आणि किनारीच्या एका भागावर नारळीची बारीक पट्टी. आतल्या पाण्याला लगून म्हणतात. साम्य अर्थात आकाराचेच आहे, कारण लोणार उल्कापाताने झाले. कंकणद्वीपाची उपपत्ती चार्ल्स डार्विनने १८४२ मध्ये मांडली : ज्वालामुखीचे बेट सावकाश खचत जाते, त्याच्या कडेचे प्रवाळ मात्र उजेडासाठी वरवर वाढत राहतात, आणि अखेर बेट नाहीसे होऊन कडे उरते.

आपल्या मातीशी या बेटांचे नाते मात्र खरेच आहे. ज्या भूगर्भीय उष्ण स्रोतातून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी दख्खनचा काळा दगड उसळला, त्याच्यावरूनच भारताचा भूखंड उत्तरेकडे सरकत गेला आणि मागे समुद्रतळावर ज्वालामुखी पर्वतांची रांग उरली. लक्षद्वीप आणि मालदीव त्या रांगेच्या माथ्यावर बसले आहेत. तो स्रोत आज रियुनियन बेटाखाली आहे. म्हणजे आपल्या विहिरीला लागणारा काळा पाषाण आणि मिनिकॉयच्या पांढऱ्या वाळूखाली खोल असलेला खडक हे एकाच चुलीवरचे. सासूबाईंना हे सांगितले तेव्हा त्या म्हणाल्या, "मंग परकं नाही ते."

आता तयारीविषयी. प्रवेशाचा परवाना आवश्यक असतो. नौका, विमान आणि सहलींचे नियम अधूनमधून बदलतात, म्हणून कोचीतील विलिंग्डन बेटावरच्या लक्षद्वीप प्रशासनाच्या कचेरीत चौकशी करूनच तारखा ठरवाव्यात. ऑक्टोबर ते मेच्या मध्यापर्यंतचा काळ जाण्याचा. वृद्धांसाठी मी डिसेंबर ते फेब्रुवारी एवढाच धरते, कारण त्या महिन्यांत समुद्र पुष्कळसा शांत असतो. अगत्तीला छोटी धावपट्टी आहे आणि कोचीहून विमानाने सुमारे दीड तास लागतो. आम्ही नौका निवडली. रात्री प्रवास आणि दिवसा बेट, असा तिचा क्रम असतो. संभाजीनगरहून मुंबईमार्गे विमानाने कोची गाठले आणि तेथे एक पूर्ण दिवस विश्रांती घेतली. हा दिवस चैन समजून वगळू नका. थकलेले वृद्ध शरीर नौकेवर चढले तर पहिल्या रात्रीच मळमळ, झोपमोड आणि गोंधळ सुरू होतो.

औषधांचे दोन सारखे संच करावेत आणि ते दोन वेगवेगळ्या पिशव्यांत ठेवावेत. एक पिशवी हरवली किंवा भिजली तरी चालले पाहिजे, कारण बेटावर तुमच्याच कंपनीची गोळी मिळेल याची खात्री नाही. वापरात असलेले इन्सुलिन बहुधा तीस अंशांखालील तापमानात सुमारे चार आठवडे टिकते. तरी आपल्या इन्सुलिनच्या वेष्टनावरील सूचना पाहाव्यात. त्याला थेट बर्फ लावू नये, गोठलेले इन्सुलिन वाया जाते. ओल्या कापडात गुंडाळून सावलीत ठेवणे बरे.

बोट लागू नये म्हणून घ्यायच्या गोळ्यांविषयी थोडे अधिक सांगायला हवे, कारण त्या निर्धास्तपणे दुकानातून घेतल्या जातात. यांतील बहुतेक गोळ्या गुंगी आणतात. पुरुषस्थ ग्रंथी वाढलेल्या पुरुषांत त्यांतील काहींमुळे लघवी अडते, काचबिंदूच्या काही प्रकारांत डोळ्यातील दाब वाढतो आणि स्मृती मंदावलेल्या माणसाला भ्रम होऊ शकतो. कंपवाताच्या रुग्णाला सिनारिझिन देऊच नये. म्हणून आपल्या डॉक्टरांना विचारून, निघण्याच्या आठवडाभर आधी घरी एकदा गोळी देऊन पाहावी. गुंगीत तोल जायचा तर तो निदान घरच्या अंगणात कळावा. नौकेवर मधल्या भागातील, खालच्या मजल्यावरची खोली मागावी, तेथे हेलकावे कमी बसतात. मळमळू लागल्यास मोकळ्या हवेत बसून दृष्टी क्षितिजावर ठेवावी.

उलट्या झाल्या आणि जेवण गेले नाही तर मधुमेहाची औषधे नेहमीच्या मात्रेत घेणे धोक्याचे ठरते. लघवी वाढवणाऱ्या रक्तदाबाच्या गोळ्यांचेही तेच. मात्र मनानेच सगळे बंद करू नये. कोणते औषध थांबवायचे आणि इन्सुलिन किती कमी करायचे, हे डॉक्टरांकडून निघण्यापूर्वी कागदावर लिहून घ्यावे. २०२४ पासून समुद्रतळावरून टाकलेल्या केबलने ही बेटे कोचीशी जोडली गेली आहेत, त्यामुळे बेटावरून फोनचा मार्ग पूर्वीपेक्षा सुधारला आहे. भर समुद्रात मात्र त्यावर विसंबू नये.

एवढे करूनही एक जागा उरते, आणि या सहलीतील खरी परीक्षा तीच आहे. मोठी नौका उथळ लगूनमध्ये शिरू शकत नाही. काही बेटांवर पूर्वेला धक्के बांधले आहेत, पण समुद्राने परवानगी दिली तरच ते उपयोगी. एरवी नौका बाहेर खोल पाण्यात थांबते. तिच्या कुशीतले दार उघडते आणि खाली एक छोटी बोट वरखाली होत असते. लाट बोटीला वर आणते त्या क्षणी खलाशी तुमचे दोन्ही दंड धरतात आणि तुम्ही पाऊल टाकता. क्षण चुकला तर मध्ये दोन-तीन फुटांची पोकळी असते. तरुणांना ही गंमत वाटते. ठिसूळ हाडांच्या माणसासाठी हा खुब्याच्या अस्थिभंगाचा क्षण आहे, आणि शस्त्रक्रियेसाठी मुख्य भूमी शेकडो किलोमीटर दूर आहे.

म्हणून निघण्यापूर्वी महिनाभर आम्ही घरीच पाहणी केली. हातांचा आधार न घेता खुर्चीतून पाच वेळा उठून बसता येते का? एका हाताला कोणी धरले असता फूटभर उंचीच्या ओट्यावर चढता-उतरता येते का? "आत्ता" म्हटल्याबरोबर पाऊल उचलले जाते का, की दोन क्षण विचारात जातात? सासूबाईंनी रोज सकाळी ओसरीच्या पायरीवर हा सराव केला. गल्लीतल्या पोरांना त्याची मोठी करमणूक झाली. ज्यांना हे जमत नाही त्यांनी विमानाने अगत्तीला जाऊन एकाच बेटावर राहावे.

काहींना मात्र मी स्पष्ट नाही म्हणते. नुकताच हृदयविकाराचा झटका येऊन गेलेले, थोड्या श्रमाने छातीत दुखणारे, डायलिसिसवर असलेले, ऑक्सिजन लागणारे, आणि रात्री गोंधळून उठून चालू लागणारे स्मृतिभ्रंशाचे रुग्ण. कवरत्ती आणि अगत्तीला रुग्णालये आहेत, तेथील सहकारी निष्ठेने काम करतात आणि गंभीर रुग्णांना हेलिकॉप्टरने कोचीला हलवले जाते. परंतु हेलिकॉप्टर हवामानावर उडते. झटक्यानंतरच्या पहिल्या तासांचे मोल ज्याला ठाऊक आहे त्याने हा धोका पत्करू नये.

पहिल्या सकाळी कवरत्तीला समुद्र मवाळ होता. खलाशाने "अम्मा" अशी हाक दिली आणि सासूबाई बोटीत होत्या. नंतर म्हणाल्या, "आपल्या ओसरीपेक्षा सोपं." ते खरे नव्हते, त्यांचे बोट माझ्या मनगटावर उमटले होते.

कवरत्ती ही राजधानी. नारळीखालचे अरुंद सिमेंटचे रस्ते, सायकली आणि दुचाक्या, आणि उज्रा मशिदीचे कोरीव लाकडी छत. पण माझे लक्ष पाण्याकडे होते. नदी-तलाव नसलेल्या भूमीवर माणसे काय पितात? पावसाचे पाणी वाळूत मुरते आणि गोडे पाणी हलके असल्यामुळे खालच्या खाऱ्या पाण्यावर भिंगासारखे तरंगत राहते. विहिरी या पातळ थरापर्यंतच खणतात, आणि भरती-ओहोटीबरोबर त्यांचे पाणी वरखाली होते. अधिक उपसा केला की खालचे खारे पाणी वर चढते, आणि शौचकूप जवळ असला तर घाणही मिसळते. आपल्याच जिल्ह्याच्या उत्तरेकडील खारपाण पट्ट्यात ज्यांची हयात गेली त्यांना विहीर खारी होण्याची भीती निराळी समजावून सांगावी लागणार नाही.

कवरत्तीवर २००५ मध्ये राष्ट्रीय सागर तंत्रज्ञान संस्थेने एक संयंत्र उभारले, ते दिवसाला सुमारे एक लाख लिटर गोडे पाणी करते. पृष्ठभागावरचे कोमट समुद्रजल हवेचा दाब कमी केलेल्या टाकीत सोडले की त्याची वाफ होते. साडेतीनशे मीटरहून अधिक खोलीवरून आणलेल्या थंड पाण्याने ती वाफ निववली की गोडे पाणी हाती येते. पुढे मिनिकॉय आणि अगत्तीलाही अशी संयंत्रे झाली. प्रवाशाने तरीही उकळलेले किंवा बंद बाटलीतलेच पाणी प्यावे, आणि ते भरपूर प्यावे. आमच्याकडची माणसे म्हणतात, चव्वेचाळीस अंश सोसलेले आम्ही, बत्तीस अंशांनी काय होणार! पण आपली उष्णता कोरडी आहे. घाम वाळतो आणि अंग निवते. तेथील दमट हवेत घाम वाळतच नाही, त्यामुळे कमी तापमानातही शरीर तापत राहते. स्वच्छतागृह जवळ नसेल या धास्तीने वृद्ध स्त्रिया पाणीच टाळतात. सोबत असलेल्यांनी स्वच्छतागृह कोठे आहे हे आधी पाहून त्यांना दाखवावे. पाणी पिण्याचा आग्रह त्यानंतर करावा.

काचेच्या तळाच्या होडीतून सासूबाईंनी प्रवाळ पाहिले. काही फांद्यांसारखे, काही मेंदूसारखे, काही भाग पांढरे पडलेले. समुद्र नेहमीपेक्षा तापला की प्रवाळाच्या अंगातील रंगीत सूक्ष्म शैवाले निघून जातात आणि तो निस्तेज होतो. लक्षद्वीपने १९९८, २०१० आणि २०१६ मध्ये असे मोठे आघात सोसले. प्रवाळच झिजला तर लाटांना अडवणारी भिंत जाते, आणि भिंतीमागची ही घरेही धोक्यात येतात.

दुसऱ्या दिवशी कल्पेनीला वारा होता. दारातून पाहिले तर बोट पुरुषभर वरखाली होत होती. सासूबाई पुढे आल्या, दोन लाटा पाहिल्या आणि मागे सरल्या. "हे मले जमत नाही. तू जाऊन ये. ह्याले राहू दे माझ्यापाशी." मुलाने थांबायचे आणि सुनेने जायचे, हेही त्यांनीच ठरवले. मागे उभ्या असलेल्या काही हौशी प्रवाशांनी "काही होत नाही, आजी, चला" असा गलका केला. शुश्रूषा करणाऱ्या वाचकांना मी विनवते : अशा वेळी आपल्या माणसाच्या बाजूने उभे राहा. एवढ्या दूर येऊन एक बेट बुडाले, असा हिशेब त्या दारात कोणी मांडू नये. "आई नको म्हणाल्या," एवढे सांगून मी बोटीत उतरले.

कल्पेनीचे लगून विलक्षण सुंदर आहे. बेटाच्या काठावर प्रवाळखडकांच्या तुकड्यांचा एक बांध आहे, तो १८४७ च्या महावादळात लाटांनी रचला असे सांगतात. पाण्यात उतरताना मी बूट काढले नाहीत, आणि मधुमेहींनी ते कधीच काढू नयेत. पायाची संवेदना मंद झालेल्या माणसाला प्रवाळाची कापणी कळत नाही, आणि ती जखम चिघळते. कापलेच तर भरपूर स्वच्छ पाण्याने कण धुऊन काढावेत आणि जखम रोज पाहावी. चार तासांनी परतले तेव्हा माय-लेक डेकवर लिंबूसरबत पीत बसले होते. त्यांना उडणारे मासे दिसले होते, मला एकही दिसला नव्हता.

मिनिकॉयला पोहोचायला पुन्हा पूर्ण रात्र लागली. हे बेट इतरांपासून फार दूर, मालदीवच्या दाराशी आहे आणि भाषाही मल्याळम नसून महल, म्हणजे मालदीवच्या धिवेहीचीच बोली आहे. १८८५ मध्ये बांधलेला उंच दीपस्तंभ येथील खूण. तो खालूनच पाहावा. गुडघ्यांना तेवढे मोठेपण पुरे. बेटावर अकरा गावे आहेत. पुरुष गळ आणि काठीने कुपा मासा धरतात. तो उकळून, धुरावून, वाळवून टिकवतात. कित्येक पुरुष व्यापारी जहाजांवर नोकरीला जातात आणि महिनोन्महिने परतत नाहीत. आम्ही शाकाहारी, आम्हाला भात, सांबार आणि नारळ पुरला. भाजीपाला बहुतांशी नौकेने येतो, म्हणून बद्धकोष्ठाची तक्रार असलेल्यांनी इसबगोल बरोबर ठेवावा.

त्या दिवशी समुद्र आरशासारखा होता आणि सासूबाई स्वतःहून पहिल्या उतरल्या. गावात आम्हाला एका घरी बसवले. नारळपाणी आले. घरात साधारण सासूबाईंच्याच वयाची एक वृद्धा पलंगावर बसली होती, भोवती तिच्या दोन मुली आणि नाती. लक्षद्वीपमध्ये मातृवंशीय रीत आहे. घर आईकडून मुलीकडे जाते, लग्नानंतर मुलगी घर सोडत नाही, नवराच तिच्याकडे येतो. उत्तरेकडील बेटांवर एकत्र कुटुंबाच्या मालमत्तेला शुक्रवारची आणि स्वकष्टाच्या मालमत्तेला सोमवारची म्हणतात. कायदे आणि काळ बदलले, तरी म्हातारी स्त्री आपल्या जन्मघरीच, पोटच्या लेकींच्या हाताखाली म्हातारी होते, हे अजून पुष्कळ घरांत दिसते. आमच्या दवाखान्यात मी त्याची दुसरी बाजू पाहते : चार महिने थोरल्याकडे, चार महिने धाकट्याकडे, आणि दर पालटाला औषधांची चिठ्ठी हरवलेली.

शाळेत हिंदी शिकलेली नात दुभाषी झाली. किती मुले, साखर किती, गुडघ्याला काय लावता, असे चालले होते. कुप्याच्या धुराने डोळे चुरचुरतात, अशी त्या आजींची तक्रार होती; मी डोळे पाहिले, मोतीबिंदू होता, तो दाखवून घ्या म्हणाले. मग सासूबाईंनी तिला विचारायला लावले, "तुमचं माहेर कोणतं?" नात अडली. लग्नाआधीचे घर, असे मी समजावले. तिने विचारले. आजींनी पलंगावर हात थोपटला. नंतरच्या घराचे काय, असे सासूबाईंनी पुन्हा विचारले, तेव्हा ती मुलगी आमच्याकडे पाहत राहिली. तिला प्रश्नच कळेना.

सासूबाई सतराव्या वर्षी सिंदखेडराजाकडून हिवऱ्याला आल्या. त्या काही वेळ बोलल्या नाहीत. निघताना त्यांनी आपल्या पिशवीतली ज्वारीच्या पापडांची पुडी आजींना दिली, आणि त्यांनी आम्हाला नारळाच्या वड्या दिल्या. तीन वाजता बोट होती. परतीच्या रात्री त्यांची साखर १४२ भरली. मी वडीबद्दल विचारले, तेव्हा त्या म्हणाल्या, अर्धीच खाल्ली.